पाठमोरा माणूस

भाऊ गेल्याचे मला घरच्यांकडून कळण्याआधी मोबाईलवर दिसले. नागपूरला लागून असलेल्या बेसा येथे आम्ही राहतो त्या इमारतीतल्या बायकांचा एक समूह आहे. सकाळच्या वेळी त्यावर पाण्याच्या टँकरची, न आलेल्या मोलकरणींची चौकशी चालते. त्या सकाळी कुणीतरी एका वाहिनीची बातमी तिथे टाकली होती. ‘हत्येचे गूढ सोबत घेऊन साक्षीदाराचे निधन.’ वर भावाचे, उपरणे घालतानाचे ते जुने छायाचित्र, आणि त्याच्या दोन्ही हातांभोवती लाल वर्तुळ काढलेले. खाली एकीने लिहिले होते, ‘गेला का अखेर? मेला पण बोलला नाही.’ दुसरीने हात जोडल्याचे चित्र टाकले होते. त्यानंतर लगेच, टँकर किती वाजता येणार आहे? मी त्या समूहात आहे, परंतु माझे माहेरचे आडनाव तिथे कुणालाही ठाऊक नाही. ते मी कधी कळू दिले नाही. थोड्या वेळाने भाच्याचा फोन आला. “आत्या, बाबा गेले वं... तुले पहिले सांगाचं होतं, पण हे कॅमेरेवाले दवाखान्याच्या दारातच उभे होते. मले बाहेरच निघू देऊन नाही राहिले.” मी त्याला म्हणाले, “मला कळलं.” कसे कळले, हे त्याने विचारले नाही.

कवडूजी पराते हे नाव वाचकांनी कदाचित ऐकले असेल. निदान ते छायाचित्र तरी पाहिले असेल. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी नागपुरात, भरसभेत, देशातल्या एका मोठ्या नेत्याची हत्या झाली. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि हा लेख त्यांच्यावर नाही. गोळ्या सुटल्या त्या क्षणी त्यांच्या खांद्यावर उपरणे घालत असलेला विणकर म्हणजे माझा थोरला भाऊ. गोळ्या झाडणारा जागच्या जागी पोलिसांकडून मारला गेला, त्यामुळे त्याला कुणी पाठवले ते त्याच्या तोंडून कधीच कळले नाही. मागे उरला तो एक प्रश्न. नेत्यांना नेमके त्या क्षणी, नेमके त्या दिशेला वळायला कुणी लावले? भावाच्या प्रतिज्ञापत्रात उत्तर होते की, पांढरा सदरा घातलेल्या व छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या एका अनोळखी इसमाने तशी सूचना केली. त्या इसमाचा शोध आजतागायत लागलेला नाही. त्याच्यावर पुस्तके निघाली, दर वर्षी त्या दिवशी वाहिन्यांवर त्याची काळी आकृती फिरते, आणि लोक त्याला ‘पाठमोरा माणूस’ म्हणतात. हा माणूस कधीही अस्तित्वात नव्हता. भावाचे प्रतिज्ञापत्र माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि त्यातले ते वाक्य भावाचे नाही, माझे आहे. एवढे सांगण्यासाठी, सत्तरी ओलांडल्यावर, मी प्रथमच छापण्यासाठी काही लिहायला बसले आहे. उभी हयात मी मुलांना निबंध कसा लिहावा हे शिकवले. स्वतः लिहिण्याचे धाडस मात्र झाले नाही. एकदा लिहिले होते, त्याचे काय झाले ते पाहिले होते...

आमची आळी विणकरांची. घरोघरी जमिनीत खणलेले माग असत. खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाने माग चालवायचा आणि हाताने धोटा फेकायचा. वडील गेले तेव्हा भाऊ जेमतेम चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून तो त्या खड्ड्यात उतरला, आणि मी शाळेत राहिले. करवतीच्या दातांसारखा काठ असलेले, करवतकाठी म्हणून ओळखले जाणारे कापड विणण्यात त्याच्या तोडीचा हात आळीत दुसरा नव्हता, आणि दुर्दैवाने हे त्याला पक्के ठाऊक होते. लग्नकार्यात कुणाच्या खांद्यावर यंत्रमागाचे उपरणे दिसले, की हा ते चिमटीत धरून उजेडासमोर नेई आणि चारचौघांत विचारी, “हे कापड होय का गा? यातून तं गहू चाळता येते.” नवरदेवाचा बाप हिरमुसून जाई, आणि मी लाजून बायकांच्या घोळक्यात तोंड लपवी. भावाची मला लाज वाटे. हे वाक्य लिहिण्यासाठी मला तीन दिवस लागले. पहिल्यांदा मी ‘कधीकधी’ असा शब्द घातला होता, तो खोडला.

आळीची एक रीत होती. मागावरून उतरलेले कोरे वस्त्र ज्याच्या अंगावर पहिल्यांदा घालायचे, त्याचे तोंड उगवतीकडे करून घालायचे. बारशाचे बाळ असो, नवरदेव असो, की दारी आलेला पाहुणा असो, घालणारा म्हणायचा, “उगवतीकडे तोंड करा,” आणि समोरचा वळायचा. असे का, हे कुणी विचारत नसे. सभेसाठी नेते येणार, तेव्हा स्थानिक मंडळींनी ठरवले की, व्यासपीठावर चढण्यापूर्वी एका विणकराच्या हातून त्यांना उपरणे द्यावे. निवड भावाची झाली. त्याने ते उपरणे असे विणले की, वहिनीला त्या दिवसांत मागाच्या खोलीत खोकलायचीही बंदी होती. सभेच्या दिवशी मी बायकांच्या बाजूला, फार मागे होते. मला काहीही दिसले नाही. काय घडले ते त्यानेच सांगितलेले मला माहीत आहे. “मी म्हटलं, साहेब, उगवतीकडे तोंड करा. ते हासले. म्हणे, तुमची पद्धत आहे का? मी म्हटलं, हो जी. आन् ते वळले... पोरासारखे वळले वं. मी पदर सारखा करून राहिलो होतो, तेवढ्यात आवाज झाला. मले वाटलं, फटाके.” उगवतीच्या बाजूला कर्णे बांधण्यासाठी बांबूचे मचाण उभारलेले होते. मारेकरी त्यावर होता. नेते वळले नसते तर त्याच्यासमोर त्यांची पाठ आणि भोवतीची माणसे आली असती. वळल्यामुळे छाती आली.

पोलिसांनी भावाला तिथूनच उचलले. कित्येक दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याला पाठ टेकून बसता येत नव्हते. त्याने तिथेही खरे तेच सांगितले होते. रीत होती, म्हणून वळवले; पण हे कुणी लिहून घेतले नाही. “ते हासत होते,” तो म्हणाला. “एक जण म्हणे, अरे, यानं तं मुहूर्त काढून मारलं. आन् मंग पुन्हा सुरू.” पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि प्रत्यक्षदर्शींनी प्रतिज्ञापत्रे द्यावीत असे ठरले. भावाला सहीपुरतेच लिहिता येई. मी आळीतली पहिली पदवीधर, आणि एका शाळेत मास्तरीण म्हणून माझी निवड जवळपास झाल्यासारखी होती. दुपारची वेळ होती. वहिनी त्याच्या पाठीला हळद लावत होती आणि मी मागाशेजारी जमिनीवर कागद घेऊन बसले होते.

“लिव्ह,” भाऊ म्हणाला, “मी साहेबाले म्हटलं, उगवतीकडे तोंड करा.”

“असं नाही लिहीत, भाऊ.”

“मंग कसं लिवते?”

“कायद्याच्या भाषेत लिहावं लागतं.”

“बरं मग, तुह्या भाषेत लिव्ह. पण लिव्ह तेच.”

मी तेच लिहिले नाही. त्याला वाचवायचे होते, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आले; आणि ‘मी वळवले’ असे लिहून देणाऱ्याला कोण सोडील, ही भीती खोटी नव्हती. परंतु लेखणी थांबली ती भीतीने नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर उद्याचे वर्तमानपत्र आले. महाविद्यालयातल्या माझ्या प्राध्यापिका ते वाचत आहेत, शाळेचे मुख्याध्यापक वाचत आहेत, आणि देशाचा एवढा मोठा माणूस कुणा अडाण्याच्या चालीरीतीपायी गेला म्हणून हसत आहेत. तो अडाणी माझा सख्खा भाऊ. मग मी लिहिले की, पांढरा सदरा परिधान केलेल्या, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला असलेल्या एका अनोळखी इसमाने मला साहेबांना त्या दिशेस वळवण्याची सूचना केली. वाक्य चांगले उतरले होते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. भाऊ म्हणाला, “वाचून दाखव.” मी सगळे वाचून दाखवले, आणि त्या वाक्यापाशी आले तेव्हा कागदाकडे बघत त्याचेच शब्द म्हटले... मी साहेबांना म्हटले, उगवतीकडे तोंड करा. भाऊ समाधानाने मान डोलावत ऐकत होता. मग त्याने खाली सही केली. त्याला ती ठळक काढायची सवय होती.

आयोगापुढे त्याची साक्ष झाली त्या दिवशी मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. आधी ते उपरणे पुढे आणले गेले. वकिलांनी विचारले, हे तुम्हीच विणले का? भावाने ते हातात घेतले, काठावरून बोट फिरवले आणि म्हणाला, “मीच विणलं जी. पण हे धुतलं काहून नाही अजून? रक्त वाळलं का सूत कुजते.” सभागृहात एक कुजबुज उठली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला निर्दय ठरवले. त्यानंतर वकिलांनी प्रतिज्ञापत्र वाचायला सुरुवात केली. पांढरा सदरा, बिल्ला, अनोळखी इसम... त्या इसमाचे वर्णन करा, असे त्यांनी सांगितले. भाऊ हातातल्या उपरण्याची घडी घालू लागला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या, हे त्याला त्या क्षणी कसे सुचले, ते मला आजही कळत नाही. मग तो म्हणाला, “पाठमोरा होता जी. तोंड नाही पाहिलं.”

“पाठमोरा माणूस तुमच्याशी बोलला कसा?”

“बोलला... मंग वळला, आन् गर्दीत गेला.”

लोक हसले. ‘पाठमोरा माणूस’ हे नाव त्या हसण्यातून जन्माला आले.

परतताना आम्ही इतवारीच्या बाजारातून चालत आलो. तो पुढे, मी मागे. भांड्यांच्या ओळीत, हातगाड्यांच्या गर्दीत, तो मध्येच थांबला आणि वळून म्हणाला, “सुमे, काहून?” मी म्हणाले, “लाज वाटली.” “कशाची?” “आपल्या रीतीची. लोक हसले असते.” एक हातगाडीवाला ओरडला, “ओ चाचा, हटो ना, खंबे के माफिक काय को खडे हो?” भाऊ बाजूला झाला. गाडी जाऊ दिली. मग अगदी शांतपणे म्हणाला, “मंग तुले माह्यीही लाज वाटत असन.” मला उत्तर द्यायला हवे होते. ‘नाही’ एवढे म्हणायला हवे होते. मी भांड्यांकडे पाहत राहिले... पुढे चालू लागल्यावर तो म्हणाला, “आता हे कोणाले सांगजो नको. खोटं लिवलं म्हणून तुले धरतीन. नोकरी लागून राहिली ना तुह्यी?” नोकरी लागली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातले स्थळ आले, लग्न झाले, आणि माझे आडनाव बदलले.

भावाचे आडनाव बदलू शकत नव्हते. परक्यांनी त्याला खुनी म्हटले, हे समजण्यासारखे होते. आळीने जे केले त्याला मात्र मी जबाबदार आहे, आणि ते कसे, हे आमच्या लोकांखेरीज कुणाच्या ध्यानात येणार नाही. आळीतल्या प्रत्येकाला रीत माहीत होती. कोरे कापड हातात असलेल्या विणकराला, पाहुण्याला उगवतीकडे वळव, असे सांगायला कुणा बिल्लेवाल्याची गरजच काय? तो तसाही वळवणारच. म्हणजे हा पाठमोरा माणूस खोटा, एवढे आळीने पहिल्याच दिवशी ओळखले. आणि ज्याअर्थी कवडू खोटे बोलतो, त्याअर्थी तो कुणाला तरी पाठीशी घालतो आहे. ज्याअर्थी पाठीशी घालतो, त्याअर्थी तो त्यांच्यात सामील होता. इतका सरळ हिशेब. एक म्हातारे विणकर त्याच्या दारात येऊन म्हणाले होते, “कवडू, तू तं रीतीनंच वळवलं असशीन ना बाप्पा? सांगून टाक, आळी तुह्या मागं उभी राहते.” भाऊ म्हणाला, “नाही गा काका. त्या माणसानं सांगितलं.” म्हातारा त्याच्या पायरीवर थुंकून गेला. वहिनीने पायरी धुतली. माझ्या एका वाक्याने त्याला परक्यांपासून थोडेफार वाचवले असेल. आपल्यांपासून मात्र त्याला कायमचे तोडले.

मग सूत मिळणे बंद झाले. तयार कापड घ्यायला कुणी येईनासे झाले. लग्नात तो दिसला की पोट्टे मुद्दाम ओरडत, “अरे, कवडूजीच्या हातात हार नका देऊ गा, नवरदेव मांडवातच जाईन!” आणि मोठी माणसे त्यांना दटावता दटावता हसत. एकदा एका व्यापाऱ्याने भर बाजारात त्याच्यासमोर हात जोडून विचारले, “सांगा महाराज, आज कोणीकडे तोंड करू? बायकोनं लवकर घरी बोलावलं आहे.” भाऊही त्यांच्यासोबत हसला. तो हसला हे मला कुणीतरी कौतुकाने सांगितले... त्यानंतर तो लग्नांना जाईनासा झाला. पुढे शहराबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात, ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवण्याचे काम त्याला मिळाले. करवतकाठीचा बारीक दात उचलणारी बोटे सुतळी आणि दाभण घेऊन डांबरट वासाच्या कापडाला ठिगळे लावू लागली. शहरात जवळपास इतकी कामे असताना हा रोज दोन बस बदलून वाडीला का जातो, हे मला कोडे वाटे. मी एकदा विचारले होते. तो म्हणाला, “तिथं कोणी कापड पाहत नाही वं. पाणी गळते का नाही, तेवढंच पाहते.”

या सगळ्यात त्या हत्येचे खरे प्रश्न कुठे गेले, याचा मी अलीकडे फार विचार करते. मचाणावर शस्त्र घेऊन एक माणूस चढतो, तो कुणाच्या परवानगीने? कर्णेवाल्याची माणसे त्या वेळी कुठे होती? मचाणाखाली पहारा का नव्हता? हे कुणी धड विचारले नाही, कारण विचारण्यासाठी त्याहून रंजक असे काहीतरी मी पुरवले होते. सगळे त्या पाठमोऱ्या माणसामागे धावले. पांढरा सदरा आणि बिल्ला असलेली कितीतरी तरुण माणसे उचलली गेली, मारली गेली, सोडली गेली. ज्यांना खरोखर काही लपवायचे असेल, त्यांना माझ्या त्या निर्दोष वाक्याचा केवढा उपयोग झाला असेल! मी एकदा धीर करून एका वकिलांकडे गेले होते, भावाला न सांगता. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, आता तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, भावासाठी बहीण नवी गोष्ट रचते आहे. आणि खोटं प्रतिज्ञापत्र लिहिल्याचं ते वेगळंच.” बाहेर पडताना मला हायसे वाटले होते. हे मी येथे नोंदवून ठेवते, कारण मी जाऊन आले एवढेच सांगितले तर ते अर्धवट होईल.

भाऊ संत नव्हता. त्याची जीभ तिखट होती आणि ती कधीकधी मला नेमकी लागे. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने सत्कार केला. कुणीतरी भाषणात म्हणाले की, बाईंनी आता लेखन करावे. मी हे त्याला कौतुकाने सांगायला गेले. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, “लिव्ह ना, मास्तरीण. तुह्या हातात लय गुण आहे. एक ओळ लिवली, तं देश चाळीस साल वाचून राहिला.” वहिनी आतून म्हणाली, “काय म्हणता जी?” “काही नाही,” तो म्हणाला, “साखर कमी आहे.” एवढाच एक घाव त्याने आयुष्यात घातला. त्याच्या शेवटच्या वर्षात यूट्यूबवाला एक तरुण घरी आला होता. भाऊ खाटेवर पडून होता, बोलताना धाप लागत होती. तो तरुण माईक त्याच्या ओठांजवळ धरून म्हणाला, “आजोबा, आता तरी सांगून टाका. आता तुम्हाला कुणी काय करणार?” भावाने त्याच्याकडे पाहिले, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, पाहिले. ते चित्रण आजही इंटरनेटवर आहे. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “पाठमोरा होता.” त्याखाली लोकांनी लिहिले आहे की, म्हाताऱ्याचे डोळे बघा, सरळ खोटारडा दिसतो.

तेरवीला माणसे थोडी आली. आळीतून तर मोजकीच. पंगत आटोपल्यावर मी ओसरीत बसले होते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बुंदीचा द्रोण हातात घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. “मी शंकर. वाडीवरून आलो,” ते म्हणाले. “कवडूभाऊच्या संगं गोदामात होतो मी. तुम्ही बहीण ना त्यायच्या?” मी मान हलवली. ते आपणहून बोलत राहिले. त्या सभेत ते पाणी वाटायला होते. बिल्ला लावायला मिळणार म्हणून शेजाऱ्याचा पांढरा सदरा त्या दिवसापुरता मागून आणला होता. पुढे पाठमोऱ्या माणसाच्या शोधात त्यांनाही नेले. “लय मारलं बाई. हा कान तिथंच गेला.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. “सदरा पण परत नाही देता आला. शेजारी मेला तोवर टोमणे मारे.” आणि ते हसले. भावाने वाडीचे काम का धरले होते, ते मला तेव्हा, पन्नास वर्षांनी, कळले. शंकरराव त्या गोदामात त्याच्या आधीपासून होते; माझ्या वाक्यापायी मार खाल्लेल्या या माणसाला शोधतच तो तिथे गेला होता.

“मले त्यानं एक दिवस सांगून टाकलं,” शंकरराव म्हणाले. “म्हणे, शंकर, तो माणूस कोणी नव्हताच गा. मी चार दिवस बोललो नाही त्याच्याशी. मंग डबा एकट्याले खाववेना. म्हटलं, लिवलं तरी कोणं? म्हणे, घरच्या माणसानं. म्हटलं, नाव सांग, त्याच्या घरी जातो, एक कानाखाली वाजवतो, मंग बसून चहा पितो. हासला नुसता. म्हणे, नाव नको मागू.” मग त्यांनी विचारले, “कोण होतं बाई ते? तुम्हाले तं मालूम असन.”

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. “मी,” असे मी म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. कुठल्या कानाशी म्हणते आहे, हे मला माहीत होते.

“अं? काय म्हटलं? इकडून बोला, तो कान बंद आहे ना.” त्यांनी मान फिरवून उजवा कान माझ्याकडे केला आणि वाट पाहत राहिले.

“बुंदी घ्या ना आणखी थोडी,” मी म्हणाले.

त्यांनी बुंदी घेतली. निघताना ते सांगत होते की, एवढी वर्षे कवडूभाऊ कधी त्यांच्या डाव्या हाताला बसला नाही. गोदामात ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसायचे असो, परतीच्या बसमध्ये जागा धरायची असो, तो न बोलता वळसा घालून उजवीकडे येई आणि मगच तोंड उघडी. “आता काम सुटलं. घरीच राहतो. पण खाटेवर बसलो का उजवी बाजू आपोआप सोडूनच बसतो. नात म्हणते, आबा, पूर्ण खाट मोकळी, तुम्ही कोपऱ्यात काहून बसता? मी म्हणतो, तू बस तिथं, आन् पेपर वाच.” रविवारची पुरवणी ती त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवते, असे ते म्हणाले.

शंकरराव, लिहिणारी मी. सुमन. भावाने नाव सांगितले नाही, म्हणून मी सांगते आहे. बेसा येथे भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या इमारतीत तळमजल्यावर आमचे घर आहे. दाराच्या पाटीवर आता माहेरचे आडनावही लिहून घेतले आहे. दुपारी मी घरीच असते.